टेकडीवरची येळवस

सोनपेठच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली, तेव्हा अण्णांनी माझी बॅग स्वतः टपावर चढवली आणि कंडक्टरच्या मागं लागले, "पोरगी जर्मनीला चालली, बॅग नीट बांधा." जशी काही ती एसटीच जर्मनीला जाणार होती. मी शरमेनं मान खाली घालून बसले. आई तोंडाला पदर लावून उभी. नवरा आधीच तिकडं एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला लागला होता. गाडी हलली तसे अण्णा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "येळवशीला यकटी जेवू नको. कुनाला तरी हाक मार." एवढ्या लांब निघालेल्या पोरीला बापानं केलेला हा एकच उपदेश. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

बंडू, भावा, तू तिथंच शेती करतोस, तुला यातलं काही सांगायला नको. पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी लिहिते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमचं अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे; ते पांडव. त्यांना हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला हाका मारायच्या. पाहुणा जेवल्याशिवाय अण्णा बसत नसत. आमचा ठरलेला पाहुणा म्हणजे शेजारच्या पट्टीचा भागाजी, बौद्ध वस्तीतला. त्याचा आणि अण्णांचा धुरा एक, विहीर एक, तंबाखूची चंचीही बहुतेक एकच.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात भागाजीचं घर जाळलं. जाळणारे गावचेच होते. अण्णा त्यांच्यात नव्हते. ते दाराला कडी लावून घरात बसले होते. त्या वर्षीच्या येळवशीला ते धुऱ्यावरून भागाजीला हाका मारत राहिले. तो पलीकडं हरभऱ्यात खुरपत होता. त्यानं मान वर केली नाही. आई म्हणाली, "जेवून घ्या आता." अण्णा म्हणाले, "त्याला ऐकू जात न्हाई, असं थोडंच हाय." आणि उपाशीच घरी आले. पुढं दरवर्षी तेच.

जर्मनीतलं आमचं गाव एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. लोक तिला 'बेर्ग', म्हणजे डोंगर म्हणतात. बालाघाटाच्या रांगा बघितलेल्या मला हसू यायचं; माथ्यावर जाईपर्यंत धापसुद्धा लागत नाही. पण झाडी अशी दाट, की आत शिरलं की गाव दिसेनासं होतं. उन्हाच्या अंगाला जुन्या द्राक्षमळ्यांचे दगडी बांध आहेत, सावलीच्या अंगाला सुईसारख्या पानांची उंच काळपट झाडं. माथ्यावर मात्र खडक उघडा पडलाय, काळाभोर, आपल्याकडं विहीर खोदताना लागतो तसाच. नवऱ्यानं सांगितलं, हाही ज्वालामुखीतूनच निघालेला. म्हटलं, चला, कुणीतरी ओळखीचं भेटलं.

कारण दुसरं कुणी भेटतच नव्हतं. 'गुटेन टाग' एवढा नमस्कार करून माणसं दारं लावून घ्यायची. पोटात बाळ होतं. नवऱ्याशी ठरलं होतं की थंडी सरेपर्यंत बघायचं, नाहीच करमलं तर नोकरी सोडून परभणीला जायचं. खरं तर मी मनातून कधीच परतले होते.

त्या हिवाळ्यात येळवस आली. नवरा कारखान्यात. मी मिळतील त्या भाज्या आणि वाटाणे घालून भज्जी केली, ताकात पीठ कालवून आंबील केली. शेत नव्हतं म्हणून टेकडीवर गेले. पाचोळ्यावर बर्फ भुरभुरलं होतं. माथ्याजवळ बघते तर काय, झाडांखाली ओळीनं रोवलेले दगड, डोकी चुन्यानं पांढरी केलेली! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पांडव, इथंसुद्धा! कुणी मांडले, कशासाठी, हा विचारच शिवला नाही. मी एका दगडाला हळदकुंकू वाहिलं, आंबील शिंपडली, नैवेद्य ठेवला आणि त्या रिकाम्या जंगलाला अण्णांसारखी ओरडले, "या की जेवायला!"

आणि खरंच माणूस आलं. सरपण वेचायला आलेली आमच्या शेजारची म्हातारी, फ्राउ केलर. आधी तिनं दगडावरचं कुंकू बघितलं. तिला ते रक्त वाटलं. मग माझं पोट बघितलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी देव, जेवण, वडील असं काहीबाही सांगत राहिले. सगळं लक्षात आल्यावर ती हसत सुटली. ते देव नव्हते, हद्दीचे दगड होते. एकेकाळी ही एवढीशी टेकडी दोन राजांनी वाटून घेतली होती. अलीकडच्यानं पलीकडं लाकूड वेचलं तर शिक्षा व्हायची. राजे गेले, तरी जंगलखात्याची माणसं दगडांना चुना लावत राहिली. म्हणजे मी येळवस बरोबर धुऱ्यावरच केली होती.

ती ओंडक्यावर बसून जेवली. आंबील तिला अजिबात आवडली नाही, पण तोंड वाकडं करत तिनं संपवली. मग झाडांकडं बोट करून म्हणाली, "ही मी लावलीत." मला खरं वाटेना. मी ते जंगल अनादि काळाचं समजत होते आणि तिला त्याची मालकीण. महायुद्धानंतरच्या थंडीत लोकांनी सरपणासाठी टेकडी बोडकी करून टाकली होती. फ्राउ केलर तेव्हा पूर्वेकडून घरदार मागं टाकून पायी आलेली निर्वासित. गावात तिला कुणी दारात उभं करेना. रोपं लावायला बायका हव्या होत्या, तिथं तिला काम मिळालं. "रोज परत जायचं ठरवायचे," ती म्हणाली. "मग झाडं माझ्यापेक्षा उंच झाली."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, पुढची येळवस होऊ दे, मग ठरवू. ते ठरवणं राहूनच गेलं.

दर हिवाळ्यात फ्राउ केलर जेवायला यायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. यंदा टेकडीवर मी, नवरा आणि मुलगी, तिघंच. वाढून ठेवलेलं निवत चाललं, कुणी येईना. मला धुऱ्यावरचे अण्णा दिसायला लागले. तेवढ्यात खालच्या वाटेनं एक कुटुंब चाललेलं दिसलं, बोस्नियातल्या लढाईतून जीव वाचवून आलेलं. गावातून जाताना मी जशी नजर चुकवायचे, तशीच नजर चुकवत चाललेलं. मी जर्मन वाक्य जुळवत होते, तोवर पोरगी त्या पांढऱ्या दगडांपर्यंत धावली आणि ओरडली, "या की जेवायला!" चक्क मराठीत, अण्णांच्या हेलात. त्यांना शब्द कळला नसणार. पण ती बाई थांबली, नवऱ्याशी काहीतरी बोलली आणि वर यायला लागली.

घर कुठं तुमचं, असं इथं मला अजून विचारतात. पूर्वी मी नकाशावर सोनपेठ शोधत बसायचे. आता वाटतं, जिथं उभं राहून आपण दुसऱ्याला जेवायला बोलावू शकतो, ते घर. पण हे जर्मनमध्ये नीट सांगता येत नाही, म्हणून मी टेकडीकडं बोट करते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, बंडू, तू अण्णांना घेऊन सोनपेठच्या एसटीडी बूथवर आलास. विद्यापीठाचं नामांतर झालं एकदाचं, हे तू ओरडून सांगितलंस. मग अण्णांनी फोन घेतला. बरी हायेस का, वगैरे काही नाही. पहिलाच प्रश्न, "जेवायला कोन आलतं?" मी सगळं सांगितलं.

"हितं भागाजी आलता," ते म्हणाले. "लय बोलला न्हाई. पर जेवला."