गोकुळने परत आणलेली एकसष्ट घरं

जयवंती जव्हारच्या एका सरकारी कचेरीत कारकून होती, आणि संगणक रीतसर बंद होईपर्यंत थांबणं तिला कधी जमलं नाही. जामसरची साडेपाचची एसटी कुणासाठी थांबते? म्हणून रोज ती भिंतीवरचं बटणच खाली करायची आणि धावत सुटायची. यंत्राने वर्षभर निमूट सोसलं.

२००९च्या थंडीत एका गुरुवारी त्याने हात टेकले. जयवंतीने आपलं नाव, पासवर्ड टाकला, तर पडदा कोरा करकरीत. कोपऱ्यात इंग्रजीत काहीबाही उमटलं, तिकडे तिने लक्षच दिलं नाही. तिची फाइल नव्हती! मोखाड्याकडच्या एकसष्ट घरांचे वनजमिनीचे दावे होते त्यात. माणसं आपापल्या हद्दी सांगत गेली आणि ती थेट टाइप करत गेली; कागदावर एक अक्षर नव्हतं. दिवाळीनंतर ती सगळी घरं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर गेलेली. यादी सोमवारी गेली नाही, तर त्यांचे दावे राहूनच जाणार.

तिने आठवून आठवून चाळीस घरं पुन्हा लिहिली. शुक्रवारी सकाळी तीही गायब. शेजारच्या टेबलावरची प्रतिभा म्हणाली, "फॉरमॅट मारून टाक, सगळं पुसून नव्याने सुरू कर, सुटशील." सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! जयवंतीने गोकुळला फोन लावला.

गोकुळ साखरशेतचा. नाचणीच्या शेतातून आश्रमशाळेत, तिथून नाशिकला संगणकाचा कोर्स. आणि तिकडे नोकरी मिळत असताना हा पठ्ठ्या परत आला. जव्हारच्या कचेऱ्यांची यंत्रं तो मोटारसायकलवर फिरून सांभाळायचा. त्याची एक रीत होती: सगळी हकीकत ऐकल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही.

"ताई, काय काय केलं ते सगळं सांगा."

जयवंतीने मान खाली घालून बटणाचंही सांगितलं. गोकुळ रागावला नाही.

"तुमचं घर उघडेना, म्हणून यंत्राने तुम्हाला ओसरीवर जागा दिली. तात्पुरती. तुम्ही उठून गेलात की ओसरीवरचं सगळं ते झाडून टाकतं. कालची चाळीस गेली, ती विसरा. आतलं मात्र असेल."

स्वतःच्या नावाने तो आत शिरला. जयवंतीच्या नावाचं जुनं फोल्डर जिथल्या तिथे होतं. आधी त्याने फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग यंत्राच्या नोंदींमध्ये तिची दोन खाती सापडली. खऱ्या खात्यामागे 'बॅक' असं शेपूट लावून यंत्राने ते बाजूला टाकलं होतं. गोकुळने तात्पुरत्याचं नाव बदललं, खऱ्याचं शेपूट काढलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

एकसष्टच्या एकसष्ट घरं! जयवंतीला रडू आवरेना.

"भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?"

"बटणाला हात लावू नका, झालं," गोकुळ म्हणाला, आणि पुढच्या कचेरीत गेला.

दीड वर्षाने त्या एकसष्ट घरांतली मोखाड्याची म्हातारी कमू जमिनीच्या पट्ट्याचा सरकारी कागद छातीशी धरून कचेरीत आली. "माझी हद बराबर लिहिलीस, बाय," म्हणत जयवंतीच्या पाया पडू लागली. जयवंतीने तिला धरलं, बाकावर बसवलं, हरवलेली यादी कुणी परत आणली ते सांगितलं आणि गोकुळला फोन केला.

तो अर्ध्या तासात आला. पिशवी उघडून पेचकस काढत दारातूनच त्याने विचारलं, "कुठलं बंद पडलंय, ताई?"

"काहीच नाही. ह्या आजींना तुम्हाला बघायचंय."

इतक्या वर्षांत काही बिघडलेलं नसताना त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पेचकस हातात धरून गोकुळ तसाच उभा राहिला, आणि कमूने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.