एकाच नावाच्या दोन ओळी

माझी जन्मदात्री मी वर्षाचा असताना वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी नव्या सुनेला पहिलीचेच नाव ठेवले. त्यामुळे ते नाव कुणी घेतले, की मला वाढवणारी आईच ओ देई. गेलेलीला तिचे असे नावच उरले नाही. लग्नापूर्वीचे काही असणारच. परंतु तिचे माहेर मानमोडीच्या साथीत ओस पडले होते. एकदा धीर करून वडिलांना विचारले, तर म्हणाले, "आसंल कायतरी. मी कवा त्या नावानं हाक मारली न्हाई."

महायुद्धाच्या दिवसांत मी साताऱ्यास शिक्षक होतो. सुट्टीत तासगावजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा सुगी उरकून हेळवी आलेला होता. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या राखणारा हा माणूस बैलावर वह्या लादून कानडी मुलखातून येई. आजोळचे गावही त्याच्याच वाट्याचे, हे कळले आणि एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

त्याने आजोळचे पान काढले. तिघा मामांची नावे होती. त्याखाली मोडीत लिहिले होते, 'लेक एक, दिली', आणि पुढे आमचे गाव.

"तिचं नाव?"

"लेकीचं नाव सासरच्या पानावर, गुरुजी."

सासरच्या पानावर वडिलांची एकच बायको होती. तिच्याखाली मी आणि धाकटा भाऊ. नाव तेच, म्हणून त्याने बाईही तीच धरली होती.

आई सोप्यात शेंगा फोडत होती. ती उठून आली.

"आवं, ह्यो माझ्या पोटचा न्हाई, थोरलीचा हाय. तिला येगळी लिवा. हे नाव तिलाच ऱ्हाऊ द्या, मला माझं म्हायेरचं घाला."

"आसं कुटं आसतंय व्हय, वैनी? हितं सासरचंच नाव लागतंय." त्याने तेच नाव वरच्या बाजूला पुन्हा लिहिले आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहून हसला, "दादा, तुमचं बरं हाय. नवं नाव पाठ करायला नगं!"

वडील उठून गोठ्याकडे गेले.

हेळव्याने आईच्या ओळीखालचे माझे नाव खोडले आणि वर नेले. मी कसेबसे म्हणालो, "तिच्या नावाशेजारी थोडी जागा कोरी ठेवा. पुढेमागे कळलं, तर..."

"कळणार कुणाकडनं, गुरुजी? आन् कोरी जागा ठिवली, की उद्या तितं भलतंच कुणीतरी घुसतंय." त्याने ओळीच्या टोकापासून कडेपर्यंत रेघ ओढली.

"माझ्याखाली आता एकच पोरगं?" आईने विचारले.

"एकच."

ती तरीही पानाकडे पाहत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हते. मला येत होते, आणि मीही नुसता पाहत राहिलो.