वाशावरची सही

एव्हारिस्तो कान्तूला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या, गुडघे आणि गर्व. गुडघे आधी गेले.

अठरा वर्षं मी त्याचा खालचा माणूस होतो. टेक्ससमधल्या लारेडोत राहणाऱ्याला माळ्याबद्दल काय सांगायचं? एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत छपराखालचा माळा म्हणजे नुसती भट्टी. तिथे दुपारी खिळा हातात धरला तर चटका बसतो. त्या माळ्यात शिरून छपराच्या वाशांना खालच्या बाजूने चकचकीत फॉइल मारायचं, म्हणजे छपराची धग खोल्यांत उतरत नाही. हा आमचा धंदा. पहाटे पाचला चढायचं आणि अकराच्या आत उतरायचं. तो वर स्टेपल गन चालवायचा. मी खालून गुंडाळ्या द्यायचो आणि दर दहा मिनिटांनी झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायचो. वरून दोन ठोके आले की समजायचं, गडी शुद्धीवर आहे.

काम संपलं की तो कानामागचा काळा मार्कर काढून मधल्या वाशावर लिहायचा, ई. कान्तू आणि तारीख. माळ्यातल्या जुन्या माणसांची ती रीतच होती. घरमालक वर कधी जात नाही, त्याला काय दिसणार? पण पुढे कधीतरी दुसरा कारागीर वर चढेल आणि नाव वाचेल, त्याच्यासाठी ती सही. काम मनासारखं झालं नसेल तर सही करायची नाही, हाही त्यातलाच नियम. सही न करण्यासारखं एव्हारिस्तोचं काम मी तरी पाहिलं नव्हतं. माणूस तोंडाने भलताच फटकळ, जेवताना दुसऱ्याच्या डब्यातला मोठा तुकडा उचलणारा. पण वाशाशी खोटं बोलायचा नाही.

मग आमचा म्हातारा मालक गेला आणि कंपनी त्याच्या जावयाच्या हातात आली. ब्रेंट त्याचं नाव. पहिल्याच सोमवारी त्याने आम्हाला उभं करून सांगितलं, "वाशांना फॉइल मारणं बंद. माळ्याच्या जमिनीवर कापूस पसरलेला असतो ना, त्याच्यावर अंथरून टाका. दोन तासांत घर मोकळं."

"धूळ बसते, साहेब," एव्हारिस्तो म्हणाला. "तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत चमक जाते. चमक गेली की फॉइल काय आणि वर्तमानपत्र काय."

"म्हणजे दोन उन्हाळे चालतं की! एव्हारिस्तो, तुझ्या गुडघ्यांसाठीच करतोय रे मी हे."

एव्हारिस्तो गप्प बसला. एकसष्ट वर्षांचा माणूस, जाणार कुठे? पण खरं सांगायचं तर तो नुसता पोटासाठी गप्प बसला नाही. ब्रेंटने जाहिरातीच्या कागदावर त्याचा फोटो छापला, मार्कर हातात घेऊन वाशाखाली उभा असलेला, आणि खाली ठळक अक्षरांत, 'मी माझ्या कामावर सही करतो.' तो कागद एव्हारिस्तोने घरी फ्रिजच्या दारावर लावला. "काय हिरो," मी म्हणायचो, "आता सही कुठे करतोस, धुळीत?" तो मला शिव्या द्यायचा. सह्या मात्र त्याने बंद केल्या होत्या. फोटो तेवढा गावभर फिरत राहिला.

तो कागद चर्चच्या पायऱ्यांवर ओबदुलियाच्या हातात पडला.

ओबदुलिया म्हणजे एव्हारिस्तोच्या थोरल्या मुलीची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच पोरीला हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून ती आणि तिचा नवरा अन्सेल्मो एव्हारिस्तोचे कोमाद्रे-कोंपाद्रे झाले, म्हणजे धर्माने जोडलेले बहीण-भाऊ. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कोंपाद्रेशी नाही. अन्सेल्मोला अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. तो पश्चिमेच्या मागच्या खोलीत पडून असायचा आणि ती खोली दुपारी तापायची. त्याला उष्णता सोसत नाही, खोली थंड ठेवता येत नसेल तर घरी ठेवू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. डॅलसला राहणाऱ्या मुली फोनवर एकच टुमणं लावून होत्या, वृद्धाश्रमात टाका.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही टाकणार," ओबदुलिया एव्हारिस्तोला म्हणाली. "कोंपाद्रे, खरं सांगा, खोली थंड होईल ना?"

"मी आहे ना, कोमाद्रे."

"आणि नाव घालाल ना वर? अन्सेल्मोला सांगायला बरं."

"घालीन की."

तिच्या घरचं काम होतं त्या दिवशी आम्हाला तीन घरं उरकायची होती. मी माळ्याच्या तोंडाशी शिडीवर उभा राहून गुंडाळी वर सरकवली आणि म्हटलं, "निदान हिच्या घरी तरी वाशांना मार."

"वेळ कुठाय? एखाद्या रविवारी येऊन मारून देतो. उचलायचं आणि वर ठोकायचं, त्यात काय!"

दोन तासांत तो खाली उतरला. मार्कर कानामागेच होता. ओबदुलियाने कॉफी आणि गोड पाव पुढे ठेवला. मागच्या खोलीतून अन्सेल्मोने वाकड्या तोंडाने एकेक शब्द ओढत विचारलं, "नाव... घातलं?"

"घातलं, कोंपाद्रे."

मी कपात बघत बसलो. पाव चांगला होता, मी दुसराही घेतला. त्याची मला आजही लाज वाटते.

पहिल्या रविवारी त्याच्या नातीचा वाढदिवस होता. दुसऱ्या रविवारी गुडघा सुजला. मग हिवाळा आला, तेव्हा कुणाला माळ्याची आठवण राहते? नाताळात ओबदुलियाने मक्याच्या पानात उकडलेले तामाले नेहमीच्या दुप्पट पाठवले, एव्हारिस्तोच्या घरी आणि माझ्याही. पहिला उन्हाळा उत्तम गेला. दुसऱ्यात एसी दिवसभर धापा टाकायला लागला. ती म्हणाली, मशीन जुनं झालंय. आम्हीही मान हलवली. पुढे पुढे तर आम्ही दोघं एकमेकांसमोर रविवारचं नावसुद्धा काढेनासे झालो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैच्या एका दुपारी एसी बंद पडला. ओबदुलिया औषधं आणायला गेली होती. परत येते तो अन्सेल्मोची शुद्ध हरपलेली, अंगाला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं. इस्पितळातून त्याला घरी सोडायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मुली विमानाने आल्या, सह्या केल्या आणि बाप वृद्धाश्रमात गेला.

एसीवाला दुरुस्तीला आला तेव्हा माळ्यावर चढला. खाली येऊन म्हणाला, "फॉइल जमिनीवर पडलंय, दोन्या ओबदुलिया, वर बोटभर धूळ. आहे काय आणि नाही काय." मानाच्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. तिने एकच विचारलं, वाशावर नाव आहे का? त्याने फोनच्या उजेडात एकेक वासा पाहिला. नाव नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिने आम्हा दोघांना बोलावलं, भर दुपारी तीनला. आमच्यातला कुणी त्या वेळी माळ्यावर चढत नाही. ती ओरडेल अशी आमची तयारी होती. तिने टेबलावर नवा काळा मार्कर ठेवला.

"अन्सेल्मो रोज विचारतो, घरी कधी. त्याला वाटतं, कोंपाद्रेचं नाव आहे वर, म्हणजे खोली थंड असणार आणि मीच त्याला नेत नाही. मला म्हणतो, तुला मी नकोसा झालो." तिने मार्कर एव्हारिस्तोपुढे सरकवला. "जा वर. घाला नाव. फोटो काढा. त्याला दाखवते आणि सांगते, हो, खोली थंड आहे, मलाच तू नकोस. तुम्ही खोटे पडण्यापेक्षा मी वाईट ठरते."

एव्हारिस्तो चढला. मी झाडू घेऊन खाली उभा राहिलो. दहा मिनिटांनी ठोकलं, उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. ओबदुलिया खुर्चीत बसून छताकडे बघत होती. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा वरून दोन ठोके आले, अगदी हलके. तो उतरला तेव्हा कोपरांपर्यंत धुळीने राखाडी झाला होता आणि मार्करचं टोपण उघडलेलंसुद्धा नव्हतं.

"नाही लिहिता आलं, कोमाद्रे."

"तीन वर्षं तुमची लाज माझ्या माळ्यावर विसरली होती वाटतं," ती म्हणाली. "आज सापडली. घेऊन जा."

त्याने ब्रेंटची नोकरी सोडली. फ्रिजवरचा कागद फाडला. ऑक्टोबरात नऊ पहाटा तो तिच्या माळ्यावर होता, दर दोन वाशांनी गुडघा धरून बसत. जुनं फॉइल गोळा करून फेकलं, नवं वाशांना मारलं, एकही सुरकुती न ठेवता. मी खालून ठोकायचो. ओबदुलिया पुढच्या खोलीत दार लावून शिवणयंत्र चालवायची. तिने कॉफी विचारली नाही. नवव्या दिवशी त्याने वाशावर सही केली आणि त्या दिवसाची खरी तारीख घातली. अठरा वर्षांत त्याच्या हातून इतकं सुंदर काम झालं नव्हतं, आणि हे मी त्याला बोललो नाही.

पण अन्सेल्मोला सप्टेंबरातच दुसरा झटका आला होता. पोटात नळी घातलेल्या माणसाला आता कुठे हलवणार? फेब्रुवारीत तो तिथेच गेला, चुन्याने रंगवलेल्या परक्या भिंतीकडे बघत.

दफनाच्या दिवशी शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा एव्हारिस्तो पुढे झाला. काळा कोट, हातात टोपी. ओबदुलियाने त्याच्याकडे पाहिलं.

"मिस्टर कान्तू," ती म्हणाली, "सहा माणसं झालीत."

एवढ्या लोकांत तिने त्याला परका करून टाकलं. तो टोपी फिरवत मागे सरकला, आणि मी, दुसरा पाव खाणारा, सहावा होतो.

या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेलो होतो, शिवणयंत्र सरकवून द्यायला. दुपारचे तीन वाजले होते. तिने मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. एसी फक्त तिथेच चालू होता. मी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, भिंत गार होती. पलंगावर इस्त्री केलेली चादर होती.

"इथे झोपत जा की, दोन्या ओबदुलिया," मी म्हटलं.

"कुणाची खोली आहे ही?" एवढंच म्हणून तिने दार लावून घेतलं.

आमच्या अख्ख्या गल्लीत ऑगस्टात तेवढी एकच खोली गार असते. ओबदुलिया पुढच्या खोलीत पंखा लावून घाम पुसत झोपते.