तेरानंतरचा आकडा

शांतिलालजी गेल्याचा निरोप मला कुणी द्यावा लागला नाही. जालन्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या पायथ्याशीच बसलो होतो. आदल्या दिवशी बंगळूरहून त्यांची एकुलती मुलगी सरिता आली होती. तिनं त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून अदबीनं विचारलं, "बाई, कोणाकडं आलात तुम्ही?" ती माझ्याकडे वळली. "काका, एकदम असं कसं झालं? रविवारी तर बराबर बोलले माझ्याशी..." मी त्यांचं पांघरूण नीट करू लागलो.

एकदम काहीच झालं नव्हतं. ते आता लिहायला बसलो आहे.

शांतिलालजी माझे शेजारी. मारवाडी घर, भावांचं कापडाचं दुकान, आणि हे मात्र भोकरदनकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात नोकरीला होतो. एकदा कारखान्याच्या बियाण्याच्या प्लॉटवरून सूर्यफुलाचं ताटाएवढं फूल त्यांना आणून दिलं. त्यांनी त्यातल्या बियांच्या उजवीकडे वळणाऱ्या ओळींवर हळद टाकली, डावीकडे वळणाऱ्या ओळींवर कुंकू, आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून मोजत राहिलो. एका बाजूच्या चौतीस, दुसऱ्या बाजूच्या पंचावन्न. "एक, एक, दोन, तीन, पाच, आठ... मागचे दोन मिळवा की पुढचा येतो. चौतीस आणि पंचावन्न त्याच माळेतले, नाना," ते म्हणाले. त्यांचे थोरले भाऊ दुकानातून येता येता थबकले. "गिऱ्हाईक सोडून फुलं काय मोजून राह्यला रे?" शांतिलालजी हसले. "तुमचं गिऱ्हाईक रोज बदलतं, भाईजी. हे न्हाई बदलत." पण सगळीच फुलं तशी निघत नाहीत, हेही तेच सांगायचे. प्रत्येक नवी बी मोकळी जागा शोधते, त्या दाटीतून हे आकडे तयार होतात. "हा कायदा न्हाई, नाना. झाडाची सवय आहे."

सरिताला त्यांनी हीच माळ खेळासारखी शिकवली. सुरुवात लहान्यानं करायची. ती 'एक' म्हणणार, हे 'एक', ती 'दोन', हे 'तीन'. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, तरी दर रविवारी फोनवर हा खेळ व्हायचा. तिची आई गेल्यावर तर त्यांचं बोलणंच त्यातून सुरू व्हायचं. हजारांपर्यंत पोचायचे, कुणी तरी चुकायचं, आणि मग दोघांचं भांडण.

पुढं त्यांना विसर पडू लागला. जेवल्याचं विसरायचे, एकदा स्वतःच्या दाराशी उभं राहून घर कुठंय म्हणून मला विचारलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. सरिता मला म्हणाली, "काका, तुम्ही जवळ आहात म्हणून बरं. मी रविवारी आकडे म्हणून बघत जाईन. अडले की सगळं सोडून येते." काही कमीजास्त झालं की लगेच कळवीन, असा शब्द मी तिला दिला. जेवण माझ्या घरून जायचं, रविवारी फोनही मीच लावून, आवाज मोठा करून समोर ठेवायचो.

असाच एक रविवार. ती 'पाच' म्हणाली, यांनी 'आठ' सांगितलं. ती म्हणाली, "तेरा." आणि हे थांबले. ओठ हलले, आवाज आला नाही. माझ्याकडे बघितलं. शाळेतलं पोर मास्तरकडे बघतं तसं बघितलं... आणि हा माणूस स्वतः मास्तर. मला ते बघवलं नाही. हाताशी पेपर होता, त्याच्या कोऱ्या कडेला मी एकवीस लिहून पुढं सरकवलं. "एकवीस," ते वाचून म्हणाले. तिकडून ती खुशीत ओरडली, "वा पप्पा!" त्यांनी माझा गुडघा दाबला. हळूच म्हणाले, "तिला नका सांगू."

मी सांगितलं नाही. पुढचे सगळे रविवार पेन उघडून बसलो. दिवाळीत तिनं विचारलं, "तिकीट काढू का, काका?" मी म्हणालो, "कशाला धावपळ? बराबर आहे सगळं. निवांत ये उन्हाळ्यात." तेव्हा ते अजून तिचा फोटो ओळखत होते. तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते, आणि ऐकायला मी एकटा होतो. ती दिवाळीत आली असती तर... मी मित्राची लाज राखली आणि त्याच्या पोरीचे ते महिने घालवले. दुसरं काय करायला हवं होतं, हे मला आजही नीट कळत नाही. त्यांचा शब्द मोडायचा होता की तिला दिलेला?

शोकसभेत ती उभी राहून म्हणाली, "शेवटच्या रविवारपर्यंत पप्पांना आकडे बराबर येत होते." लोकांनी डोळे पुसले. आता गावात जो तो हेच सांगतो. म्हणून हा खुलासा.

इथल्या पेपरात छापायला देण्याआधी मी तो तिला फोनवर वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मीच म्हणालो, "सरिता, शिव्या दे मला."

"त्या नंतर देते, काका. आधी एवढंच सांगा... शेवटी त्यांचं त्यांना कुठपर्यंत येत होतं?"

मी आठवू लागलो. आठपर्यंत? तीनपर्यंत? ते अडायच्या आतच मी आकडा लिहून पुढं सरकवत होतो. ते कुठं थांबले असते हे कळायला त्यांना थांबू तरी द्यायला हवं होतं.

"माहीत न्हाई, पोरी," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. मलाही ठेवता येईना.