गप्प बसलेल्या वस्तीची सुनावणी

माझी आत्या नियोजन खात्यात माईक फिरवायची. हुद्दा कागदोपत्री मदतनिसाचा, पण जाहीर सुनावणी असली की तिचं खरं काम सुरू व्हायचं. रस्ता रुंद करायचा, बाजार हलवायचा, मैदानावर काही बांधायचं, असं काही निघालं की खातं लोकांना बोलावायचं आणि ज्याचा हात वर होईल त्याच्या तोंडापुढे आत्या माईक धरायची. कोण ओरडणार, कोणाचा आवाज फुटणारच नाही, कोण माईक हिसकावून घेणार, हे तिला माणूस खुर्चीवरून उठतानाच कळायचं. आजोबांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं, त्यामुळे तारा आणि भोंगे यांतच ती वाढली. तिनं लग्न केलं नाही. "हिचं लग्न माईकशीच लागलंय," असं माझे वडील म्हणायचे आणि ती म्हणायची, "निदान हा मला विचारल्याशिवाय बोलत तरी नाही."

ही गोष्ट खालच्या वस्तीची आहे. जुन्या कारखान्याच्या भिंतीमागे उतारावर ती वस्ती होती आणि तिथल्या मोकळ्या जमिनीवर बसडेपो करायचा असं खात्याच्या मनात होतं. सुनावणी तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवली. अशा सुनावण्यांना चार डोकी आली तरी पुष्कळ, म्हणून आत्यानं पुढच्या दोनच रांगा पुसल्या. पण वेळ व्हायच्या आधीच सभागृह भरलं. म्हातारे, बाया, मांडीवर पोरं घेतलेल्या आया, सगळी वस्तीच जिना चढून वर आली होती. खुर्च्या सरकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

खात्यात नव्यानंच आलेल्या इंजिनीअर मॅडमनी भिंतीवरचा नकाशा समजावून सांगितला. मग विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

एकही हात वर झाला नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी आत्याला खूण केली, की तू माईक घेऊन लोकांत जा, लाजत असतील.

आत्या पहिल्या माणसापुढे गेली. त्यानं मान वर केली, माईककडे पाहिलं आणि तोंड मिटूनच ठेवलं. लाउडस्पीकरमधून फक्त त्याचा श्वास ऐकू आला. ती पुढे सरकली. दुसरा श्वास, जरा घरघरता. मग एका बाईचा, भरभर चाललेला. रांगेमागून रांग ती फिरत गेली आणि त्या उंच सभागृहात एकामागून एक श्वास मोठे होऊन घुमत राहिले. मांडीवरच्या पोरांनीही हूं की चूं केलं नाही. कुणी मॅडमकडे पाहत नव्हतं, नकाशाकडेही नाही. सगळ्यांची नजर आत्याच्या हातातल्या माईकवर खिळली होती.

आत्या मला सांगायची, "वाटलं, हा खाली टाकून पळून जावं."

वेळ संपल्यावर सगळे एकदम उठले आणि निघून गेले. खात्याच्या हेडक्लार्कनं पेनचं टोपण उघडलं. "हरकत नाही, असं लिहितो."

"एवढी माणसं हरकत नाही हे सांगायला जिना चढून येतात?" मॅडम म्हणाल्या.

"आली, बसली, बोलली नाहीत. आपण विचारलं होतं. नियमात बसतं."

मॅडमनी ते लिहू दिलं नाही आणि पुन्हा सुनावणी लावली. पुन्हा तसंच घडलं. तीच गर्दी, तेच श्वास.

त्या रविवारी दुपारी आत्या कुणाला न सांगता खालच्या वस्तीत गेली. गल्लीत शिरली तेव्हा घराघरांतून भांड्यांचे, नळाचे, बोलण्याचे आवाज येत होते. ती ज्या दारासमोर येई त्या दारामागचा आवाज थांबे, ती पुढे गेली की मागे पुन्हा सुरू होई. दारांच्या चौकटी सगळ्या एकाच बाजूला कललेल्या होत्या, जणू कुणीतरी गल्लीला खालून कोपरानं ढकललं असावं.

एक दार तेवढं उघडं होतं. आत एक शिंपीण मशीनवर बसली होती आणि कोपऱ्यात तिची सासू. शिंपिणीनं आत्याला ओळखलं. "या. चपला बाहेर काढा आणि इथं खाली बसा. पाय जमिनीला टेकवा."

आत्या बसली. फरशी गार होती. थोड्या वेळानं तिला आवाज आला. शेजारच्या खोलीत बरीच माणसं दबक्या आवाजात बोलत बसावीत, तसा. शब्द कळत नव्हते, पण चढउतार बोलण्याचेच होते.

"पलीकडे कोण आहे?"

"पलीकडे कुणी नाही. भिंतीमागे उघडा उतार आहे. ते खालून येतं. मी लग्न होऊन आले तेव्हाही येत होतं."

"मग हे तुम्ही सुनावणीत का सांगत नाही? जमिनीखाली काही असेल तर..."

शिंपिणीनं मशीनवरचं कापड बाजूला केलं. "मागे वरचा रस्ता झाला, तेव्हा अशीच सुनावणी होती. माझे मोठे दीर बोलले. आणखी काही जण बोलले. ज्यांनी तोंड उघडलं, नेमकी त्यांचीच घरं आधी पाडली. दीर गेले ते गेलेच, कुठे राहतात तेसुद्धा आम्हाला कळलं नाही. तेव्हापासून वस्तीत ठरलं. जायचं सगळ्यांनी, नाहीतर म्हणतील यांना काही पडलेली नाही. पण आवाज द्यायचा नाही. त्या दांडक्यात ज्याचा आवाज जातो, तो माणूस जातो."

आत्या म्हणाली, "असं कुठे असतं का, ताई."

"असेल नसेल. पण दिरांच्या तोंडापुढे ते दांडकं तुम्हीच धरलं होतं."

आत्याला तो माणूस आठवेना. खूप आठवून पाहिलं, तरी चेहरा येईना. फरशीखालचं बोलणं मात्र तेवढ्यात थांबलं होतं. सासू तिच्याकडे टक लावून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी वरच्या रस्त्याचे जुने नकाशे काढून पाहिले, खात्याच्या साहेबांशी वाद घातला आणि पुढची बैठक वस्तीतच ठरवली, शिंपिणीच्या खोलीत. माईक न्यायचा नाही आणि कुणाचं नाव टिपायचं नाही. हेडक्लार्क म्हणाला, "मग त्याला सुनावणी म्हणायचं कसं?" मॅडम म्हणाल्या, "ऐकू आलं तर म्हणू."

खोलीत, ओट्यावर, गल्लीत माणसं दाटली. मॅडम फरशीवर बसल्या. खालचं बोलणं सुरू होतं. ते कानावर पडलं तशा त्या मध्येच थांबल्या, हात फरशीवर ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. चेहरा उतरला होता. मग म्हणाल्या, "आधी मी सांगते. वरच्या रस्त्याच्या वेळी ती घरं बोलण्यामुळे गेली नाहीत. सुनावणीच्या आधीच नकाशावर त्यांच्यावरून रेघ मारलेली होती. तुम्हाला विचारलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. म्हणजे विचारणं खोटं होतं."

कोपऱ्यातून म्हाताऱ्या सासूबाईंनी विचारलं, "आणि आत्ता? आत्ता ठरलंय का?"

"अर्धं ठरलंय, आजी. शहराला डेपो हवा, हे ठरलंय. कुठे, ते नाही."

म्हातारीनं मान हलवली. "मग सांगा गं यांना," ती म्हणाली.

आणि लोक बोलायला लागले. मोठ्यानं नाही, सगळे एकदम, दबक्या आवाजात. आत्याला क्षणभर कळेना, बोलणं खोलीतून येतंय की खालून. तिनं शिंपिणीचा दंड घट्ट धरला.

प्रत्येक घराचं काहीतरी सांगणं होतं. कुणाच्या चुलीखाली आवाज मोठा, कुणाच्या उंबऱ्यापाशी अजिबात नाही, कुणाची भिंत दर वर्षी बोटभर खचते. मॅडम आणि आत्या त्यांच्याबरोबर दारोदार फिरल्या. जिथं आवाज मोठा तिथं आत्या शिंपिणीच्या खडूनं फुली मारत गेली. फुल्यांची एक वाकडी ओळ झाली, गल्लीतून निघून थेट त्या मोकळ्या जमिनीच्या मधोमध गेलेली.

तिथं खणल्यावर विटांची कमान लागली. माणूस उभा राहील एवढा उंच, जुना भुयारी पाट, कुठल्याच नकाशावर नसलेला. कमानीच्या विटा हातानं सुटत होत्या. वर बसगाड्या उभ्या राहिल्या असत्या तर सगळंच आत गेलं असतं. दोर लावून एक कामगार खाली उतरला आणि जरा वेळानं वर आला. पाणी घोट्याएवढंच आहे, म्हणाला, आणि वाहतंय की नाही तेही कळत नाही. मॅडमनी विचारलं, "आवाज?"

"खाली आवाज नाहीये, मॅडम. काहीच नाही. म्हणून तर लवकर वर आलो."

तो आवाज कशाचा, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही.

डेपो दुसरीकडे गेला. पण कमानीच्या अगदी वर असलेली घरं धोक्याची ठरली आणि त्यांत शिंपिणीचं घर होतं. हे सांगायला मॅडम स्वतः आल्या. का पाडावं लागणार, दुसरा काही उपाय का चालत नाही, सगळं त्यांनी तिच्यासमोर बसून सांगितलं. शिंपीण उठून गेली. आत्याशीही ती बरेच दिवस बोलली नाही. मग एक दिवस आपणहून खात्यात आली आणि मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "वस्ती सोडणार नाही. कारखान्याच्या भिंतीकडच्या टोकाला जागा रिकामी आहे, ती द्या. ती जागा बोलत नाही, मी झोपून पाहिलंय."

जागा मिळाली. मशीन हलवताना एक बाजू आत्यानं उचलली होती. नव्या खोलीत सासूबाईंना सुरुवातीला झोप लागेना, फार शांत आहे म्हणायच्या. मग हळूहळू लागायला लागली.

मॅडमनी पुढे असं चालू केलं, की नकाशावर रेघ मारायच्या आधी वस्तीत जाऊन बसायचं, आणि काय ठरलं, लोकांचं काय ऐकलं, काय नाही ऐकलं आणि का, हे सांगायला पुन्हा जायचं. हेडक्लार्क कुरकुरत का होईना, चपला काढून बसायला शिकला. खालच्या वस्तीत मग सार्वजनिक नळ कुठे बसवायचा यावर असं भांडण पेटलं, की शिंपीण आणि तिच्या समोरची बाई महिनाभर एकमेकींना आडवं बोलत होत्या आणि त्यांना समजावून आत्याचा घसा बसला. नळ शेवटी समोरच्या बाईच्या बाजूला बसला.