दारावरची सायकलची घंटी

माझ्या घराच्या दाराला सायकलची घंटी आहे. नव्या माणसाला गंमत वाटते, पण घरचं कुणी ती न वाजवता आत पाऊल टाकत नाही. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी माझा पुतण्या मंगेश ती न वाजवताच थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. "काकू, बाबा..." एवढंच तो म्हणाला. माझ्या हातात मेथीची अर्धी बांधलेली जुडी होती. ती मी पुरी बांधली, खाली ठेवली आणि मग उठले. असं का केलं, कोण जाणे. मंगेशचे वडील नामदेवराव म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, तरी आदल्या दिवशी वांग्यांना पाणी देऊन आले होते. सकाळी उठून चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. मी पोचले तेव्हा जाऊबाई कप हातात धरून तशाच उभ्या होत्या.

आमचं गाव वर्ध्याजवळच्या सेलू तालुक्यातलं, भाजीपाल्याचं. इथल्या जुन्या घरांत भासरा आणि लहान सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नाही, रीतच तशी. ते आले की हिनं डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला सरायचं, आणि जे सांगायचं ते मधल्या लेकरामार्फत. मी एकोणीस वर्षांची असताना या घरात आले, पण भाऊजींचा, म्हणजे याच नामदेवरावांचा, चेहरा मी कितीतरी वर्षं नीट पाहिलाच नव्हता. त्यांचे पाय मात्र चांगले ओळखायची. पाण्याची मोटर सुरू करताना शॉक लागून माझा नवरा गेला तेव्हा आमची अश्विनी तीन वर्षांची होती. त्यानंतर भाऊजी रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभे राहत आणि तिलाच विचारत, "तुह्या मायले इचार, पीठ हाय का घरी? मोटर चालू हाय का?" उत्तर मिळालं की निघून जात. पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांमुळे गावात माझ्याकडे वाकडी नजर करून बघायची कुणाची छाती झाली नाही. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही, त्यांना तर नाहीच.

आणि ते येताहेत हे आधी कळायचं ते बिडीच्या वासानं. माणूस गल्लीच्या वळणावर असायचा आणि वास अंगणात पोचायचा. मग आमच्या गल्लीतल्या साऱ्या सुना पदर सावरायच्या. त्यांच्या तोंडात बिडी नाही असं मी पाहिलं नव्हतं. झोपेत तरी विझवतात का, असं आम्ही जावा जाऊबाईंना चिडवायचो.

गावात ग्रामपंचायतीनं बांधलेलं भाजीचं शेड आहे. वर टिनपत्रे, तीन बाजूंनी भिंती. सकाळी आम्ही बाया तिथं मेथीच्या, पालकाच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसतो, मग माल गाडीत चढतो. गाडीत कुणाचा माल आधी, कुणाचा नंतर, हे भाऊजी ठरवत. त्यांच्याभोवती आणखी आठ-दहा पुरुष बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात बिडी. थंडीत तर धूर पत्र्याखाली साचून राहायचा. अश्विनीला घरी कुणाजवळ ठेवणार? शाळेची वेळ होईपर्यंत ती माझ्याशेजारी पोत्यावर बसायची. आठव्या वर्षी तिची छाती घरघरायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" मी ताठ्यात म्हटलं, कुणीच नाही. "मग कामाच्या जागी?" दुसऱ्या दिवशी शेडात गेल्यावर पहिल्यांदा वर, पत्र्याकडे बघितलं.

तेव्हा मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. आमच्या वॉर्डात बाईची जागा आली, तेव्हा माझं नाव भाऊजींनीच पुढे केलं होतं. ही बिचारी तोंड उघडत नाही, म्हणून गावाचीही हरकत नव्हती. मी ग्रामसभेत विषय दिला. ग्रामपंचायत, समाजमंदिर, बस थांबा, शाळेचं आवार आणि भाजीचं शेड, इथं कुणी बिडी-सिगारेट ओढायची नाही. सरकारचा नियम होताच, पण तो फलकावर. गावाचा ठराव हवा होता. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि एक म्हातारे उसळलेच, "आमचे बाप ओढत गेले, आजे ओढत गेले. बिडी काय आज निंगाली का?" सभा हसली. मागून कुणीतरी टोमणा मारला, "आधी आपल्या घरच्यायले इचार ना बाई!" सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं भाऊजी बसले होते, हातात पेटलेली बिडी. मी पदर आणखी पुढे ओढला. पण अश्विनीची घरघर माझ्या कानात होती. मी म्हटलं, "भाऊजी, बिडी इझवा."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. बाहेर बांधलेल्या बकरीचं चारा चावणं आत ऐकू येत होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. बिडी चपलेच्या तळाला घासली, थोटूक कानावर अडकवलं आणि सरपंचांना म्हणाले, "ल्याहा ठराव. अन् हेबी ल्याहा... जो शेडात ओढंल, त्यानं शेड झाडावं." ठराव झाला. त्यांनी मला पुढे करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं गाव कितीतरी दिवस म्हणत होतं.

आणि पहिले सापडले तेच. चौथ्याच दिवशी गाडीची वाट बघता बघता हात खिशात गेला, काडी ओढली गेली. दोन झुरके झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कुणी काही बोलायची वाट न बघता ते उठले आणि कोपऱ्यातला खराटा घेतला. साठी उलटलेला माणूस, आणि आम्ही बाया जुड्या बांधत बसलेल्या, आमच्यासमोर वाकून झाडतोय. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठून खराटा धरायला गेले, तर ते अश्विनीकडे वळून म्हणाले, "तुह्या मायले सांग, ठराव तिनंच मांडला. आता आड येऊ नोको म्हना."

त्या संध्याकाळी ते अंगणात आले नाहीत. दुसऱ्याही नाही. आठ-दहा दिवस गेले. अश्विनी दारात बसून विचारायची, "मोठेबाबा काऊन नाई येत?" तिची छाती हळूहळू मोकळी होत होती, आणि माझ्या घराचा एकच आधार मी माझ्या हातानं घालवला होता, असं मला वाटत होतं. ठराव मागे घ्यावा असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी न्हाऊन मी अंगणात केस वाळवत होते, अश्विनीशी हसत होते, आणि मान वळवली तर फाटकाशी भाऊजी. वास नाही, चाहूल नाही. माझ्या डोक्यावर पदर नाही, केस मोकळे... ते माझ्याहून जास्त गडबडले. पाठ फिरवून तडक निघून गेले. आता हा माणूस पुन्हा कधी यायचा नाही, अशी मी मनाशी खूणगाठच बांधली.

दुसऱ्या दिवशी ते आले ते हातात पेचकस आणि त्यांच्या मोडीत निघालेल्या सायकलची घंटी घेऊन. दाराच्या चौकटीला घंटी स्क्रूनं आवळून बसवली, दोनदा वाजवून पाहिली. मी आत पदर घेऊन उभी. अश्विनीला म्हणाले, "तुह्या मायले सांग, आता माहा वास येत नाई. म्हनून हे." मी भिंतीला टेकून रडले. आनंदानंच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घंटी वाजायची आणि अश्विनी आतून ओरडायची, "या, मोठेबाबा!" मगच ते पायरी चढत. बाहीची टोकं, मिशा ओल्या असायच्या. शेतातून हातपाय धुऊन येत असतील, असं मी समजायची. माझ्या शब्दाखातर भाऊजींनी बिडी सोडली, हे मी गावभर सांगत सुटले. बचत गटाच्या मेळाव्यात तर त्यावर भाषण ठोकलं, भाऊजी समोर बसले असताना. ते खाली मान घालून ऐकत होते. विनयानं, असं मला वाटलं.

अश्विनी नर्सिंगला वर्ध्याला गेली, त्या संध्याकाळी घंटी वाजली आणि घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. ते न बोलवता आत येणार नव्हते आणि मी बोलवणार नव्हते... शेवटी मीच म्हटलं, "या, भाऊजी." अशी आमची बोलणी सुरू झाली. आधी नुसतं पाणी-पाऊस, मग हळूहळू सगळं. पदरही कधी सुटला ते कळलं नाही. एकदा मी म्हटलं, "आता कायले वाजवता घंटी? सरळ येत जा की." तर म्हणाले, "वाजवली का तू 'या' म्हनते. बरं वाटते."

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी माणसं बसायला आली. आमच्याकडे दुखाच्या घरी अंगणात ताट फिरतं, त्यात सुपारी, तंबाखू, बिडी, काडीपेटी. मी ताटातली बिडीची बंडलं उचलली आणि जाऊबाईंना म्हटलं, "बाई, त्यायनं सोडली होती. त्यायच्या घरी बिडी फिरवाची नाई." तीन दिवस डोळ्यातलं पाणी न खळलेली ती बाई पदर तोंडाला लावून चक्क हसली.

"सुमन, कायची सोडली व? वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून रोज एक ओढे. मंग हिरीवर जाऊन तोंड धुवे, मिशा धुवे, लिंबाचा पाला चावे, सदरा झटके... अन् अर्धा घंटा वाऱ्यावर बसे. मंग तुह्याकडे ये. मले म्हने, तिले सांगू नोको, पोट्टीच्या छातीचा सवाल हाय."

मी बंडलं हातात धरून तिथंच खाली बसले. म्हणजे अंगणात न येण्याचे ते आठ-दहा दिवस रुसव्याचे नव्हतेच. सोडून पाहत होते, जमलं नाही, मग माझ्या दारापर्यंत वास न आणायची वाट शोधून काढली. दवाखाना सुटला, अश्विनी मोठी झाली, शिकायलाही गेली, तरी ते रोज विहिरीवर तोंड धूतच राहिले. आणि मी भाषणं ठोकत होते! त्या मेळाव्यातली त्यांची खाली घातलेली मान आठवली. लाज वाटली आणि हसूही आलं. जाऊबाईंनी ताट परत भरलं. "ठेव. पन अंगनात नोको, तिकडं लिंबाखाली ने." मी नेऊन ठेवलं. म्हातारी माणसं आपणहून उठून तिकडे गेली, कुणाला सांगावं लागलं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी घर झाडून-पुसून घेत होते. अश्विनी वर्ध्याहून आली होती, आत कणीक मळत होती. चौकट पुसताना फडकं घंटीला लागलं आणि ती वाजली. आतून पोरगी सवयीनं बोलून गेली, "या, मोठेबाबा..."

फडकं हातातच होतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि दारातून बाजूला झाले.