गोपालच्या आईला मी काय सांगितलं

आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. अठरा माणसं, तीन बंकर, केरोसीनवर जळणाऱ्या दोन बुखाऱ्या म्हणजे शेगड्या, आणि दगडांवर पत्रा टाकून केलेलं एक छोटं मंदिर. मी सिग्नलचा नायक, रेडिओ सेट माझ्या ताब्यात. दुसरा ऑपरेटर लान्स नायक गोपाल खेडकर. मी बीबी गावचा, तो शेगावजवळच्या खेड्यातला. बुलढाणा जिल्ह्यातले दोघे एकाच सेटवर आले, हा निव्वळ योगायोग होता. बाकीचे जवान म्हणायचे, तुम्ही दोघं बोलता ती मराठीच आहे ना?

पलटणीत रविवारी मंदिर परेड असते. देव मानणारा जातो, न मानणाराही जातो. मी बौद्ध घरातला. वडील शाळामास्तर होते. हात जोडायच्या आधी कारण विचारायचं, असं त्यांनी लहानपणीच बजावलं होतं. म्हणून मी परेडला सावधान उभा राहायचो, हात जोडायचो नाही. गोपालचं उलट. सेट चालू करताना तो शेगावच्या महाराजांचं नाव घ्यायचा, बॅटरी बदलताना घ्यायचा, आंघोळीला गरम पाणी मिळालं तरी घ्यायचा.

"महाराज बॅटरी चार्ज करतेत का बे?" मी विचारायचो.

"नाई करत. पन तुह्या हातात बॅटरी टिकते, हा चमत्कार कोनाचा?"

अजूनही ते आठवलं की एकटाच हसतो, आणि घरचे माझ्याकडे बघत राहतात.

माझी आई संध्याकाळी वंदना घ्यायची. त्रिसरण, पंचशील. सुट्टीत घरी असलो की मीही तिच्या शेजारी बसून म्हणायचो, पण शाळेत पाढे म्हणतात तसं. खरं सांगायचं तर माझा कशावरच विश्वास नव्हता. हातातलं काम चोख करावं, बाकी भानगडीत पडू नये, एवढंच मला कळत होतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी साडेनऊला चार जणांची पार्टी केरोसीन आणायला खाली गेली. त्या चौघांत सेट घेऊन गोपाल होता. एक वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या उतारावरचं बर्फ सुटलं. आम्ही बंकरमध्ये फक्त आवाज ऐकला. दहा मिनिटांत पार्टीतले तिघे एका खडकामागे जमले, हे नंतर कळलं. गोपाल नव्हता. बर्फ पडतच होतं, हात लांबवला तर बोटं दिसत नव्हती.

मग सेट खरखरला.

"परभाकर. भेगेत पडलो. कमरेखाली काई समजत नाई. एक हात मोकळा हाय. ओव्हर."

त्याही अवस्थेत तो 'ओव्हर' म्हणाला. सुभेदार साहेबांनी दोन वाजता सहा जणांची रेस्क्यू पार्टी दोर आणि फावडी देऊन पाठवली. पोचायला किमान दोन तास. त्या थंडीत जखमी माणसाला झोप लागली की तो उठत नाही. साहेब मला म्हणाले, "उसको सोने मत देना. बोलते रहो."

रेडिओ नेटवर, म्हणजे सगळ्या पोस्टच्या सामायिक लाइनवर, गप्पा मारणं हा गुन्हा. त्या दिवशी तोच हुकूम होता. मी बोलत सुटलो. धाडच्या बाजारात त्याने घेतलेली आणि पहिल्याच दिवशी पळालेली शेळी काढली. त्याच्या बहिणीचं लग्न काढलं. तो उत्तरं द्यायचा, मग उत्तरं लहान झाली. तीन वाजता मी म्हणालो, "गोपाल्या, तोंड बंद नको ठेवू. महाराजाचं नाव घे."

"जीभ वळून नाई राह्यली. तू म्हन."

"मले येत नाई ना बे."

"मंग येते थे म्हन. तुह्या मायचं म्हन. बोलता नाई आलं तर बटन दाबतो."

आमच्यात तसा रिवाज आहे. बोलता येत नसेल तर सेटचं बटण दोनदा दाबायचं. दोन टकटक म्हणजे ऐकू येतंय.

मी वंदना म्हणायला लागलो. एक ओळ म्हणायची, थांबायचं. टक, टक. पुढची ओळ. त्याच नेटवर आणखी तीन पोस्टचे ऑपरेटर होते. कुणीही मध्ये बोललं नाही. मागे सुभेदार साहेब टोपी काढून उभे होते, पण मी वळून पाहिलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी टकटक थांबली. मी थांबलो नाही. समोर फक्त खरखर होती आणि मी म्हणत होतो, कारण तो ऐकतोय अशी माझी खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा, पुरावा नसताना, मला कशाची तरी खात्री होती. श्रद्धा म्हणतात ती हीच असेल, तर ती मला त्या पंचेचाळीस मिनिटांत मिळाली. आणि मला ती नको होती, मला गोपाल हवा होता.

चार पन्नासला रेस्क्यू पार्टी त्याच्यापर्यंत पोचली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस, बेटा."

त्याचं सामान घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने विचारलं, "शेवटी काय म्हने तो?" देवभोळी बाई. तिच्या मुलाच्या कानावर शेवटी माझ्या घरची वंदना होती, हे तिला कसं सांगू? मी म्हणालो, "महाराजांचं नाव घेतलं, मावशी." मला वाटलं, बरं झालं.

त्यानंतर दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी जातो. पेन्शनवर आलो त्या वर्षी मात्र फोटोला हार घालताना राहवलं नाही. सगळं खरं सांगून टाकलं. बटण, वंदना, तीन पोस्टची शांतता. डोळे खाली घालून सांगितलं.

तिने फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाली, "मंग तवा खोटं काऊन बोलला रे बाबू? मले इतके वर्सं वाटे, हाक माराले कोनी जवळ नव्हतं, म्हनून पोरानं महाराजाले हाक मारली. मले वाटे, पोरगं एकटं गेलं."

मला तिच्याकडे बघवेना.

"तू बोलत होता ना त्याच्यासंग? पार शेवटपावतर?"

"हाव, मावशी. बटन थांबल्यावरही."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. "म्हन," ती म्हणाली. "त्यानं जेवढं ऐकलं तेवढं म्हन. अन् त्याच्या पुढचंबी."